नॉनस्टिक तवा घेताय? आधी गॅसची आच पाहा

धनत्रयोदशीला नवे भांडे घेण्याची रीत जुनीच आहे. हल्ली त्या दिवशी तांब्यापितळेऐवजी पुष्कळदा नॉनस्टिक तवा घरी येतो, इतकेच. दुकानात तव्यांची रांग असते. काही काळे, काही करडे, काही दगडासारख्या ठिपक्यांचे, तर काही आतून पांढरेशुभ्र. एकावर 'ग्रॅनाइट' छापलेले, दुसऱ्यावर 'सिरॅमिक', तिसऱ्यावर 'पीएफओए-मुक्त'. दुकानदार म्हणतो, "ताई, हा न्या, थेंबभर तेल लागत नाही." घरी आल्यावर शेजारीण म्हणते, "त्याने कॅन्सर होतो म्हणे!" मग खरे कोणाचे मानायचे?

खरे म्हणजे दोघांचेही अर्धेच. नॉनस्टिक भांडे बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचे असते आणि त्यावर पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्यालाच आपण टेफ्लॉन म्हणतो. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट फ्रीजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत असताना सिलिंडरमध्ये एक गुळगुळीत पांढरी भुकटी सापडली, तीच ही. तिला काही चिकटत नाही आणि ती सहसा कशाशी संयोगही पावत नाही. म्हणूनच खरवडलेल्या तव्याचा एखादा कण धिरड्याबरोबर पोटात गेला, तरी तो न पचता तसाच बाहेर पडतो. मुलाने असा कण गिळला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

कॅन्सरची भीती आली ती पीएफओए या दुसऱ्या रसायनामुळे. टेफ्लॉन तयार करताना पूर्वी ते वापरत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग येथील कारखान्याच्या परिसरात ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले आणि मोठे खटले झाले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. मात्र अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर बंद केला होता. तयार तव्यात ते उरलेच तर अत्यल्प प्रमाणात. त्याचा खरा फटका बसला तो कारखान्यातील कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला.

म्हणून 'पीएफओए-मुक्त' वाचून हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ तव्यावर टेफ्लॉन नाही असा होत नाही. पीएफओए ज्या रसायनांच्या मोठ्या कुटुंबातले आहे, ते सारे कुटुंबच निसर्गात वर्षानुवर्षे विघटन न होता टिकते. याच कारणाने अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२५ पासून असा थर असलेल्या भांड्यांची विक्रीच बंद केली आहे.

धोका रिकाम्या तव्यात

आपल्या स्वयंपाकघरातला खरा प्रश्न मात्र आचेचा आहे. टेफ्लॉनचा थर सुमारे २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या पुढे विषारी वाफा सोडतो. त्या श्वासात गेल्या की काही तासांनी थंडी वाजणे, ताप, छाती भरून येणे असा फ्लूसारखा त्रास होतो. तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पक्ष्यांची फुप्फुसे फार नाजूक. स्वयंपाकघराजवळ टांगलेल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड अशा वाफांनी काही मिनिटांत मरू शकतात. घरात पक्षी असतील तर नॉनस्टिक न घेणेच बरे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत तर १७० अंशांपासूनच सावध राहायला सांगितले आहे. आता घरात थर्मामीटर लावून कोण स्वयंपाक करणार! त्याची गरजही नाही. तव्यात पोहे किंवा ओलसर भाजी आहे तोवर त्यातले पाणीच उष्णता फार वाढू देत नाही. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल साधारण २३० अंशांना धुरावते, म्हणजे तेलातून धूर निघाला तर आच केव्हाच जास्त झालेली आहे. गॅस बंद करावा, खिडकी उघडावी.

रिकामा तवा मात्र असा काही इशारा देत नाही. मोठ्या आचेवर पातळ तवा थोड्याच मिनिटांत मर्यादा ओलांडतो. तवा तापत ठेवून आपण पीठ भिजवायला घेतो, तेवढ्यात फोन वाजतो किंवा दारावर दूधवाला येतो! तव्यात चमचाभर तेल घालूनच गॅस पेटवण्याची सवय लावून घेतली तर हा प्रसंग येत नाही.

कोणते काम कोणत्या तव्यावर

फुलके, भाकरी, पापड, भाजायच्या मिरच्या या सर्वांना कोरडा, कडक तापलेला तवा लागतो. धुरावलेल्या तेलातली मोहरीची फोडणीही त्यातलीच. या कामांना लोखंडी तवा आणि कढईच हवी. नॉनस्टिकवर करावीत ती ऑम्लेट, धिरडी, मंद आचेवरची थालीपिठे. म्हणजे घरात एक मध्यम आकाराचा तवा पुरतो. पाच भांड्यांचा संच सवलतीत मिळाला म्हणून उचलून आणण्यात काही हशील नाही.

घेताना तवा हातात घेऊन पाहावा. तो जड लागला पाहिजे. तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तवा सारखा तापतो. पातळ तवा मधोमध जळतो आणि लवकर वाकतो. मूठ घट्ट आहे ना ते पाहावे. इंडक्शनची शेगडी असेल तर तळाला लोहचुंबक चिकटते का ते तिथेच तपासावे. २०२४ साली केंद्र सरकारने स्टेनलेस स्टील व अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला, तेव्हा ते चिन्ह शोधावे. वजनावर विकला जाणारा, नाव नसलेला तवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

'ग्रॅनाइट' आणि 'मार्बल' या नावांना भुलू नये. तो बहुधा ठिपके दिलेला टेफ्लॉनचाच थर असतो. सिरॅमिकचा थर मात्र वेगळा. तो वाळूतल्या सिलिकापासून बनतो, त्यात टेफ्लॉन नसते आणि तो जास्त आच सोसतो. पण त्याचा गुळगुळीतपणा टेफ्लॉनपेक्षा लवकर जातो. पक्षी पाळणाऱ्यांना किंवा ज्यांच्या हातून आच मोठीच राहते त्यांना तो सोयीचा. दर दोनएक वर्षांनी नवा घेण्याची तयारी मात्र हवी.

लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा वापरावा. घासायला तारेची घासणी नको, मऊ स्पंज पुरे. भांडी घासायला बाई येत असतील तर हा तवा आधीच वेगळा काढून ठेवावा. नंतर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गरम तव्यावर गार पाणी ओतू नये, आणि तो इतर भांड्यांखाली ठेवताना मध्ये जुना पंचा घालावा.

थर सोलून खालचे अॅल्युमिनियम उघडे पडले की तवा बाद समजावा. चिंच, कोकम, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत ते उतरते, शिवाय पदार्थ चिकटू लागल्यावर त्याचा उपयोग तरी काय?

ज्यांना नॉनस्टिक नकोच आहे त्यांच्यासाठी बिडाचा तवा आहे. कोकणात घावन घालण्याआधी अर्ध्या कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने तव्याला तेल पुसतात, तेही याचसाठी. नवा तवा धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा आणि निवू द्यावा. असे चारपाच वेळा केले की त्यावर काळा, तुकतुकीत थर बसतो. पहिली दोनतीन घावने तुटतील, ती घरातल्यांनी तशीच खावीत. चौथ्यापासून ती सुटी होऊ लागतात.