रसदेचा इतिहास कोण लिहिणार?

पुण्याहून नाशिकास जाणारा रस्ता नारायणगाव ओलांडून पिंपळवंडीच्या बाजूने आळेफाट्यास पोहोचतो, आणि तेथे कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा दुसरा रस्ता त्यास छेदतो. डांबर नवे आहे, वाट नवी नाही. कोकणच्या बंदरांतील माल घाटावर चढवून जुन्नरमार्गे पैठणास नेण्याचा उद्योग सातवाहनांच्या काळापासून याच मुलखात चालत आला आहे. नाणेघाटाच्या लेण्यातील नागनिकेचा शिलालेख आणि माथ्यावरचा, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण हे त्या उद्योगाचे साक्षीदार अद्याप उभे आहेत. ज्या प्रांताने दोन हजार वर्षे बैलाच्या पाठीवर राज्ये पोसली, त्या प्रांतातील सुशिक्षितांस आपल्या इतिहासातून बैल तेवढा नेमका गाळावासा वाटावा, हे आश्चर्य आहे.

पिंपळवंडीच्या कोणत्याही शाळकरी मुलास शिवनेरीवर कोण जन्मले हे विचारा. तो अभिमानाने सांगेल, आणि सांगावेही. पण १६५७ साली त्याच शिवाजी महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घालून काय नेले, असे विचारले तर मास्तरही घुटमळतील. रोकड तर नेलीच. पण तिच्याबरोबर सुमारे दोनशे घोडे नेले. रोकड खर्चून संपते. घोडा हाती आला म्हणजे सैन्याची दौड वाढते, आणि दौड वाढली म्हणजे थोडके लोक पुष्कळांच्या जागी उभे राहू शकतात. नवे राज्य उभारणाऱ्या पुरुषाने हा हिशेब आधी केला होता. आमच्या पोवाड्यांनी तो मागाहूनही केला नाही.

पालखेडचे उदाहरण घ्या. १७२७ च्या अखेरीस निजामुल्मुल्क व बाजीराव यांचा सामना जुंपला, तेव्हा निजामाजवळ मोठा तोफखाना होता, बाजीरावाजवळ तो जवळजवळ नव्हता. बाजीरावाने बऱ्हाणपुरास हूल दिली, खानदेशातून तो गुजराथेत उतरला. इकडे निजाम पुण्यावर येऊन बसला, तरी पुण्याच्या मोहाने पेशवा मागे धावला नाही. तो उलट औरंगाबादेच्या रोखाने निघाला. स्वतःच्या मुलखाची चिंता लागून निजामास पुणे सोडावे लागले, आणि घाईत अवजड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरच्या पूर्वेस पालखेडजवळ, पाण्याचा तुटवडा असलेल्या जागी, तो चोहोंकडून कोंडला गेला. दाणा बंद, वैरण बंद, पाणी बंद. मोठी लढाई अशी झालीच नाही! ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह होऊन शाहू महाराजांचे चौथाई व सरदेशमुखीचे हक्क निजामाने कबूल केले. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने युद्धशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेची वाखाणणी केली आहे. परक्याने पाठ थोपटल्यावर आमच्यातील काहींस पालखेडचे नाव प्रथम कळले, हेही नमूद करणे भाग आहे.

आता पानिपत. या एका शब्दापुढे आमची विवेकबुद्धी गळते, आणि दैव, अपशकुन, अमक्याचा हट्ट, तमक्याची फितुरी अशी कारणांची यादी सुरू होते. वकिलीच्या धंद्यात एक नियम लवकर शिकावा लागतो: पक्षकाराचे रडणे हा पुरावा नव्हे. पुरावा पाहू जाता गोष्ट साधी व म्हणूनच अधिक दुःखद दिसते. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांचे सैन्य पाटदुराहून निघाले. बरोबर इब्राहिमखान गारद्याचा अवजड तोफखाना, बरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बुणग्यांचा अफाट जमाव. लढणाऱ्याच्या दुणीतिणीने न लढणारी तोंडे ज्या लष्करात असतात, त्याचा कूच मंदावतो आणि खर्च मात्र दौडतो. पावसाळ्यात यमुनेस पूर आला. अंतर्वेदीचा सुपीक मुलूख नदीपलीकडे राहिला, आणि त्या मुलखाचे धान्य नजीबखानाच्या हातून अब्दालीच्या छावणीत पोहोचू लागले. ऑगस्टात दिल्ली घेतली, पण तेथे पैसा नव्हता. दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडण्याची पाळी आली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तेथे धान्य मिळाले, आणि विजयाचा आनंद झाला. त्याच आनंदाच्या दिवसांत, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवून बसला. एका नदीच्या एका उताऱ्यावर पुरेसा पहारा नसावा, या चुकीची किंमत पुढील अडीच महिन्यांत चुकती झाली.

नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी पानिपतास खंदकाआड होती. गोविंदपंत बुंदेल्याने अंतर्वेदीत शिरून शत्रूची रसद तोडावी, ही योजना चांगली होती. पण डिसेंबरात गोविंदपंत मारला गेला आणि योजना त्याच्याबरोबर गेली. मग घोडी मरू लागली. स्वारांची फौज पायउतार झाली, म्हणजे ज्या दौडीवर पालखेड जिंकले ती दौडच संपली. शेवटच्या दिवशी पहाटे जे लोक खंदकाबाहेर पडले ते उपाशी होते. तशाही स्थितीत दुपारपर्यंत त्यांनी शत्रूस जेरीस आणले, यात त्यांच्या शौर्याची साक्ष आहे. परंतु शौर्य कमी पडले नव्हते, दाणा कमी पडला होता, हे सांगण्यास आम्ही दोनशे साठ वर्षे लाजत आहो.

हा धडा पुण्याच्या कारभाऱ्यांनी मात्र पुरता गिरविला होता. १७७८ च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांस गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. लढणारे शिपाई सुमारे ३,९००, आणि सामान वाहणारे बैल सुमारे १९,०००! डिसेंबरात ती बोरघाट चढून खंडाळ्यास आली. तेथून जेमतेम वीस मैलांवरील तळेगावास ती ९ जानेवारी १७७९ रोजी पोहोचली, तेव्हा गाव रिकामा व जळालेला होता. वाटेवरचे गवत जाळलेले, मागची कोकणची वाट धोक्यात. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून ती फौज माघारी वळली आणि वडगावास कोंडली जाऊन तिला तह करावा लागला. दोन वर्षांनी जनरल गॉडर्ड याच घाटाने आला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कोकणात उतरून पनवेलहून येणाऱ्या त्याच्या रसदेवर असे घाव घातले, की एप्रिल १७८१ मध्ये तोही मोठी हानी सोसून परतला.

वडगावच्या विजयाचा आम्हांस अभिमान आहे. पण ज्या मावळ्या कुणब्याचे वर्षाचे गवत जळाले, त्याची गुरे पुढच्या वैशाखात कशावर जगली? तळेगावचे जे घर जाळले, ते कोणी बांधून दिले? महादजी व नाना यांचे चातुर्य आम्ही तोंडपाठ म्हणतो. या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शिवाजी महाराजांनी तो विचार केला होता. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात ते बजावतात की, साठविलेला दाणा व वैरण बेतशीर वापरा. पावसाळ्यात ती संपली तर शिपाई कुणब्यांच्या घरातील दाणे, गवत, भाजीपाला ओरबाडू लागतील, आणि मग लोक म्हणतील की याहून मोगल बरा. पेटत्या वातीपासून गवताच्या गंजीस आग लागेल, येथपर्यंत त्यांचे लक्ष आहे. सैन्याच्या पोटाची आणि रयतेच्या पोटाची चिंता एकाच कागदावर करणारा राज्यकर्ता विरळा.

रसद ही आकाशातून पडत नव्हती. ती वंजाऱ्यांच्या तांड्यांनी वाहिली, कुणब्यांनी पिकविली, आणि गावच्या महार बांधवांनी वेठीस धरले जाऊन कोसन्‌कोस डोक्यावर नेली. या वेठीचे दाम बहुधा कोणी दिले नाहीत. विजयाच्या सणात त्यांचे नाव घेतले गेले नाही, आणि पराजयाच्या दिवशी पहिली उपासमार त्यांचीच झाली. राष्ट्राचा इतिहास सर्व जातींचा आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी या मंडळींस त्या इतिहासात कोणत्या पानावर जागा दिली आहे, ते दाखवावे.

पाने नाहीत असे नाही. पाटील, कुळकर्णी, देशमुख यांच्या वाड्यांतून जुनी मोडी दप्तरे अद्याप फडक्यांत बांधलेली पडून आहेत. दाणा किती दिला, वैरणीचे भारे किती गेले, बिगारी कोण धरले, याच्या याद्या असल्या तर अशाच रुमालांत असणार. त्यांस वाळवी लागत आहे, आणि वाटण्या होऊन वाडा पाडला की ते बंबात जात आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचाच होता, ती पत्रे वेळीच कोणी उघडली म्हणून पानिपतावर पुराव्याने बोलता येते. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत प्रत्येक मोठ्या गावच्या शाळेत निदान एका शिक्षकास मोडी वाचता यावी, ग्रामपंचायतीने गावातील दप्तरांची यादी करावी, आणि ज्यांस ती सांभाळणे जमत नाही त्यांनी ती पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाकडे द्यावीत. पिंपळवंडीकरांनी आरंभ करावा. येत्या पावसाळ्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक खाली काढून उन्हात ठेवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.