पत्रिका जुळत नाही

अठराव्या शतकाच्या मध्यास बिंबाजी भोसले यांचा अंमल छत्तीसगडात बसला, आणि त्याच्या मागोमाग मराठी कुटुंबे तिकडे जाऊ लागली. पुढे रेल्वे आणि सरकारी नोकऱ्या यांनी त्यांत भर घातली. रायपूरच्या तात्यापारा भागातील अशा जुन्या घरांतून मुलांची लग्ने ठरविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या वडीलधाऱ्यांनीच केले. मुलीची चौकशी मामांनी करावी, पत्र वडिलांनी लिहावे, आणि मुलाने पोह्यांच्या बशीकडे पाहत दोन प्रश्न विचारावेत, एवढाच काय तो त्याचा वाटा. स्थळ पसंत न पडल्यास एक कार्ड येई: ‘पत्रिका जुळत नाही.’ यात दोष नेहमीच ग्रहांचा नसे, हे उभयपक्षी सर्वांस ठाऊक असे. परंतु त्या लहानशा असत्यामुळे नकार मुलाला मिळाला असे न होता योगाला मिळाला असे होई.

आज हे आवरण बरेच विरळ झाले आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झाले. कार्यालये, महाविद्यालये वाढली. 2018 मध्ये सुरू झालेल्या नालंदा परिसर या ग्रंथालयात स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी व विद्यार्थिनी रात्रंदिवस शेजारी बसून अभ्यास करतात. संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठी तरुणांची गर्दी असते. एखादी मुलगी मनास भावली तर तिच्याशी बोलण्याचे काम आता मामांचे नव्हे. ते कसे करावे हे मात्र घरात कोणी शिकविलेले नसते. वडिलांना ते कधी करावेच लागले नाही, तर ते शिकविणार काय?

मग विचार सुरू होतो. मराठी मुलाच्या बाबतीत भाषेपासूनच अडचण असते. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी. समोरची मुलगी मराठी असल्यास हिंदीत ‘आप’ म्हणणे परके वाटते, आणि एकदम ‘तू’ म्हणणे आगाऊपणाचे. त्यातच समाज लहान. सकाळी केलेली विचारपूस सायंकाळी चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात पोहोचेल, ही भीती अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. एका शंकेतून दुसरी निघते. फाइलीवर टिपणीखाली टिपणी वाढत जावी आणि निर्णयाची जागा कोरीच राहावी, तशी मनाची स्थिती होते. तरुणाला वाटते, आपण तयारी करीत आहोत. वस्तुतः त्या मुलीला काय आवडते, ती कशात रमते, हा प्रश्न केव्हाच मागे पडलेला असतो. ‘मी कसा दिसेन?’ एवढाच उरतो.

या प्रश्नाविषयी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या टॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्यास लाज वाटेल असे चित्र असलेला सदरा घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविण्यात आले. निम्म्या लोकांनी तरी चित्र पाहिले असणार, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात ते सुमारे चौथाई लोकांच्याच ध्यानी आले होते. माणूस स्वतःवर जेवढा प्रकाशझोत कल्पितो, तेवढा तो नसतो.

नकाराच्या भयाचे प्रसिद्ध उदाहरण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे. एकोणीस वर्षांचे असताना, स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालविण्यासाठी, न्यूयॉर्कमधील एका वनस्पती-उद्यानात त्यांनी महिनाभरात शंभरांवर अपरिचित स्त्रियांशी बोलण्याचा प्रयत्न केला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे भेटीचे वचन एकीने दिले, आणि तीही आली नाही. पण कोणी आरडाओरडा केला नाही, पोलिसांस बोलाविले नाही. धास्ती मात्र ओसरली. पुढे 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती भारतात रुजविली. तिचे सूत्र असे: नकार दुःखद असतो, परंतु ‘मला नकार मिळताच कामा नये’ ही मागणी त्या दुःखाचे संकट बनविते. एका व्यक्तीने एका दिवशी ‘नाही’ म्हटले, यातून माणसाच्या योग्यतेचा निवाडा निघत नाही.

तथापि एलिस यांचा आकडा कोणी गिरवू नये. बाकावर वाचीत बसलेली स्त्री कुणाच्या धास्तीवरील औषध म्हणून तेथे बसलेली नसते. आणि भय घालविणे म्हणजे चिकाटी धरणे नव्हे. स्त्रीने अनास्था स्पष्ट दर्शविल्यावरही तिच्याशी वारंवार संपर्क साधू पाहणे हा भारतात 2013 पासून गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली येतो. चित्रपटांनी नायकाच्या पाठलागास प्रेम म्हणून रंगविले, त्याची किंमत मुलींनी मोजली आहे. संकोची मुलगा आणि पिच्छा पुरविणारा मुलगा वरकरणी विरुद्ध दिसतात; परंतु ‘नाही’ हे उत्तर साधे उत्तर म्हणून दोघांनाही घेता येत नाही.

ते घेता येण्याचा सराव लहान गोष्टींतूनच होतो. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाविषयी विचारावे. उत्तर एका शब्दात आले आणि नजर पुन्हा वहीकडे वळली, तर आभार मानून आपल्या जागी यावे. बोलणे वाढले तर वाढू द्यावे. गणेशोत्सवाची तयारी किंवा नाटकाची तालीम अशा ठिकाणी हे अधिक सहज घडते, कारण तेथे दोघांपुढे तिसरेच काम असते. पडदा कोणत्या बाजूने ओढावयाचा आणि दुसऱ्या अंकात दिवा केव्हा मंद करावयाचा, यावर वाद घालीत असलेल्या मुलाच्या ध्यानातही येत नाही की, ज्या मुलीला नाव विचारण्याचे धैर्य त्याला आठवडाभर झाले नव्हते, तिच्याशी तो अर्धा तास बोलतो आहे.