फ्रिज गार, मोटर गरम

फ्रिजच्या मागे, तळाशी, जो काळा डबा घरघरत असतो तो कॉम्प्रेसर. पंप आणि मोटर एकत्र बसवून हा डबा वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ फ्रिजपासून ही रचना घरगुती फ्रिजमध्ये रुजली. गॅस गळायची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली, पण मोटरला वारा लागण्याची सोयही गेली. मग ती थंड कशी राहते?

ज्या गॅसमुळे दूध-भाजी गार राहते, त्याच गॅसमुळे. फ्रीझरमधून फिरून परतणारा थंड गॅस या डब्यात उतरतो आणि मोटरची बरीच उष्णता उचलतो. उरलेली उष्णता तळातलं तेल डब्याच्या पत्र्यापर्यंत पोचवतं. म्हणूनच गॅस गळाला की दुहेरी नुकसान होतं. फ्रिज पुरेसा गार होत नाही म्हणून थर्मोस्टॅट मोटर बंद करत नाही, आणि अखंड चालणाऱ्या मोटरला थंड करणारा गॅसही अपुरा पडतो. भार कमी असूनही ती तापत जाते.

मागच्या जाळीवर धूळ साचली किंवा फ्रिज भिंतीला चिकटवला, तर उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब वाढतो आणि मोटरला जास्त जोर लावावा लागतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हा भार आणखी वाढतो. त्यात व्होल्टेज पडलं, तर तेवढ्याच कामासाठी मोटर जास्त प्रवाह ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह सव्वापट झाला, तर उष्णता दीडपटीहून जास्त. मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यावरच्या, म्हणजे वायंडिंगवरच्या, आवरणाचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

सर्वांत वाईट, वीज जाऊन लगेच परत येणं. मोटर थांबल्यावर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली, तर मोटर फिरूच शकत नाही, नुसती प्रचंड प्रवाह ओढत तापते. अशा वेळी तिला वाचवतो तो ‘ओव्हरलोड’. त्यात दोन धातूंची चिकटवलेली चकती असते. तापली की ती उलटी वळते आणि ‘टक्’ असा आवाज करून वीज तोडते. इतक्या स्वस्त सुट्या भागाने इतकं मोठं काम करावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

हा टकटकाट वारंवार ऐकू आला, तर फ्रिजचा प्लग काढा. जाळी स्वच्छ करा, भिंतीपासून अंतर ठेवा, व्होल्टेज तपासून घ्या. वीज आल्यावर थोडं थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर लावा. आणि दुरुस्ती करणारा ‘ओव्हरलोड काढून डायरेक्ट करतो’ म्हणाला, तर त्याला स्पष्ट नकार द्या.