औषधाला करंटचा धक्का

कंबर धरली, गुडघा सुजला की गोंदिया-तिरोड्याकडची माणसं हल्ली ‘करंट लावून’ घेतात. फिजिओथेरपीच्या खोलीत पाठीवर पॅड चिकटतात, मुंग्या येतात, पंधरा-वीस मिनिटांत सुटका. या करंटबरोबर औषध आत जातं, अशी अनेकांची समजूत असते. बहुतेक वेळा तसं काही होत नाही. ते यंत्र नुसतं दुखणं दबवतं. पण विजेनं औषध कातडीपार नेता येतं हे मात्र खरं, आणि ते सिद्ध झालं सशांच्या जिवावर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या नांत शहरात स्तेफान लदुक यांनी दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या कातडीवर धन टोकाखाली स्ट्रिक्नीनचा, म्हणजे कुचल्याच्या बियांतल्या विषाचा बोळा. दुसऱ्याच्या अंगावर ऋण टोकाखाली सायनाइडचा. करंट सुरू होताच पहिला आचके देऊन मेला, दुसरा सायनाइडनं. मग टोकांची अदलाबदल करून नव्या सशांवर तोच प्रयोग केला, तर दोन्ही ससे ठणठणीत! स्ट्रिक्नीनचा भार धन, सायनाइडचा ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात. प्रयोग क्रूर खरा, पण शंकेला जागा न ठेवणारा.

एवढा खटाटोप कशाला? कारण कातडीचा सर्वांत वरचा, मेलेल्या पेशींचा थर. जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन, कागदाहूनही पातळ. पण पेशींमध्ये चरबी अशी लिंपलेली की साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत शिरत नाही. निकोटिनची पट्टी चालते, इन्सुलिनची चालत नाही, ती यामुळेच.

लदुक यांच्या पद्धतीला आयन्टोफोरेसिस म्हणतात. तळहातांना अती घाम येणाऱ्यांना आजही साध्या नळाच्या पाण्यातून असा सौम्य करंट देतात. पण करंट सौम्य असला तरी निरुपद्रवी असतोच असं नाही. अर्धशिशीसाठी अमेरिकेत ‘झेक्युइटी’ नावाची बॅटरीवरची पट्टी आली. लोकांच्या दंडा-मांड्यांवर भाजल्याचे डाग उठले आणि 2016 मध्ये तिची विक्री थांबवावी लागली.

दुसरी वाट वेगळी आहे. इथे औषधाला ढकलायचं नाही, दारच किलकिलं करायचं. सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता जोरदार झटका दिला की पेशीच्या पडद्याला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि थोड्या वेळानं आपोआप बुजतात. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं की ही युक्ती कातडीच्या वरच्या थरावरही चालते. युरोपात कातडीवरच्या कर्करोगाच्या गाठींसाठी ब्लिओमायसिन टोचून वर 100 मायक्रोसेकंदांचे आठ झटके देतात. एरवी पेशीत जेमतेम शिरणारं हे औषध मग थेट आत उतरतं.

डीएनए लशीची अडचणही हीच. तिला नुसतं दंडात पोचून भागत नाही, पेशीच्या आत जावं लागतं. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळालेली ‘झायकोव्ह-डी’ ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. ती सुईविना, द्रवाच्या बारीक, वेगवान फवाऱ्यानं देतात. वीज लागत नाही. काही परदेशी डीएनए लशी मात्र विजेच्या झटक्यावरच अवलंबून आहेत, आणि तिथे घोडं अडतं ते यंत्राच्या किमतीपाशी.

त्याच 2021 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकमधल्या साद भामला आणि प्राउस्निट्झ यांच्या गटानं यावर तोड काढली. लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी पाडणारा जो स्फटिक असतो, त्याचीच वीज त्यांनी अगदी बारीक सुयांच्या जाळीला जोडली. वजन 50 ग्रॅमहून कमी, खर्च एका डॉलरच्या आत. बॅटरी नाही, प्लग नाही. सुया आखूड असल्यानं झटका वरच्या थरातच राहतो, खालच्या स्नायूला आचका बसत नाही. कोविडची डीएनए लस अशी दिल्यावर उंदरांमधला प्रतिसाद नुसत्या टोचण्यापेक्षा जवळपास दहापट निघाला.

सालेकसा किंवा देवरीच्या जंगलातल्या उपकेंद्राचा विचार केला तर मला या यंत्रात सर्वांत मोलाचा वाटतो तो नसलेला प्लग. पावसाळ्यात लाइन गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. खटका मात्र अंगठ्यानं दाबता येतो. शिवाय डीएनए लशी उष्णता बऱ्यापैकी सोसतात: झायकोव्ह-डी 25 अंशांना तीन महिने टिकते. गोंदियाचा मे त्याहून कितीतरी कडक, म्हणजे शीतपेटी सुटणार नाहीच. आणि उंदराची कातडी माणसाच्या कातडीहून पातळ असते. दहापटीचा तो आकडा भात कापून घट्टे पडलेल्या हाताला तसाच लागू होईल, असं आज कुणी छातीठोक सांगू नये.