तांदूळ आधी, वेबसाइट मागून

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे कित्येक पुणेकरांच्या ध्यानात नसतं. तिथून पौडमार्गे ताम्हिणीच्या वाटेला लागलं की काचेच्या इमारती मागे पडतात आणि भातखाचरं सुरू होतात. इथला आंबेमोहोर आणि इंद्रायणी पुण्या-मुंबईत नावावर खपतो. मग भात घरात आला की विषय निघतो: व्यापाऱ्याला कशाला, आपणच ऑनलाइन विकू. इथवर ठीक. पण पुढचा प्रश्न असतो, ‘वेबसाइट कशात करायची?’, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ऑनलाइन विकायचं तर वेबसाइट हवीच, हा पहिला गैरसमज. समजा, एखाद्या बचत गटाकडे वीस क्विंटल तांदूळ आहे. पाच किलोच्या पिशव्या भरल्या तर चारशे होतात, आणि त्या संपल्या की पुढच्या हंगामापर्यंत दुकानाला कुलूप. एवढ्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर पुरतो. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, लागत नाही. वेबसाइटला जोडलेला पेमेंट गेटवे मात्र साधारण दोन टक्के घेतो आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे हजाराच्या ऑर्डरीमागे 23 रुपये 60 पैसे. एकच पिशवी दोघांना विकली जाऊ लागली, कुणाचे पैसे आले नि कुणाचे राहिले याचा हिशेब वहीत बसेना, की समजावं, आता साठा आपोआप कमी करणारं दुकान हवं.

त्या वेळी हमखास ऐकू येतं, ‘वूकॉमर्स फुकट आहे, शॉपिफाय महाग.’ 2011 मध्ये आलेलं वूकॉमर्स हे वर्डप्रेसला जोडायचं प्लगइन. ते फुकट मिळतं हे खरं, पण होस्टिंग, बॅकअप आणि दर थोड्या दिवसांनी येणारे अपडेट आपल्या गळ्यात पडतात. एखाद्या अपडेटनंतर ऐन दिवाळीत पैसे भरायचं पान उघडेनासं झालं तर निस्तरणार कोण? घरात जाणकार पोरगं असेल तर वूकॉमर्स स्वस्त, नाहीतर दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडणं आलं. शॉपिफायचं दरमहा भाडं भरावं लागतं, त्यात ही देखभाल येते. गंमत म्हणजे शॉपिफायची सुरुवातच मालापासून झाली: कॅनडात स्नोबोर्ड विकायला बसलेल्या संस्थापकाला तयार सॉफ्टवेअरं पटेनात, म्हणून त्याने स्वतःचं लिहिलं आणि 2006 मध्ये तेच इतरांना द्यायला सुरुवात केली.

आपल्या मालाची खोड म्हणजे वजन. तांदळाला कुरिअरवाला किलोवर पैसे लावतो. म्हणून साइट निवडताना रंगरूप नंतर बघा. आधी विचारा, वजनाप्रमाणे आणि पिनकोडप्रमाणे डिलिव्हरीचा दर लावता येतो का? शॉपिफायमध्ये वजनावर दर मुळातच लावता येतात. वूकॉमर्समध्ये त्यासाठी वेगळं प्लगइन घालावं लागतं. हे न बघता सरसकट पन्नास रुपये लावले, तर दहा किलोच्या पिशवीमागे पदरचे पैसे जातात. कुरडया-पापडाची गत उलटी. वजन नाही, पण खोकं मोठं. तिथे बहुतेक कुरिअर कंपन्या सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनाहून मोठा आला तर त्याचे पैसे घेतात.

‘आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, रेंज नसते, मग साइट बंदच पडणार,’ असंही लोक म्हणतात. साइट घरातल्या कॉम्प्युटरवर नसते, ती होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असते. ताम्हिणीत दोन दिवस अंधार असला तरी मुंबईची ऑर्डर येत राहते. ती तुम्हाला दिसते मात्र उशिरा. ग्राहकाचा कार्ड नंबर आपल्याकडून चोरीला जाईल, या भीतीचंही तसंच. तो नंबर आपल्या साइटवर साठवायचाच नसतो. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेने दुकानांना तशी मनाईच केली आहे.

एक बारीक खर्च कुणी आधी सांगत नाही. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो. देवनागरीत तीच मर्यादा 70 वर येते, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. ‘आपली ऑर्डर निघाली’ हे लांबवून लिहिलं की दोन मेसेजचे पैसे. मराठीत जरूर लिहा, फक्त आटोपशीर.

आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणाऱ्याने ते आपल्या खात्यात ठेवलं आणि पुढे बिनसलं, तर दुकानाची पाटी त्याच्याकडे राहते.

स्वतःच्या साइटवर विकलं की नियम नाहीत, हेही खोटं. पिशवीवर एफएसएसएआयचा नंबर, निव्वळ वजन आणि एमआरपी लागतेच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. तांदळाची नेहमीची तक्रार ठरलेली: भात गिच्च झाला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. तेव्हा नवा की जुना, आणि वाटीला पाणी किती, हे दोन्ही किमतीच्या शेजारीच लिहा.