गेटवे ते रेवदंडा: एका दिवसाची शिडाची सफर

शिडाच्या यॉटने कोकण किनाऱ्याची पहिली सफर करायची असेल तर हीच करा. खांदेरी बेटाला बाहेरून वळसा घालून अंतर साधारण २५ सागरी मैल, म्हणजे ४६ किलोमीटर. ताशी ५ मैलांचा वेग मिळाला तर पाच तास.

सगळी गंमत वाऱ्याची आहे! हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो. समुद्र सपाट असतो आणि दक्षिणेला निघालेल्या बोटीला वारा डाव्या कुशीवर मिळतो. दहा-अकराच्या सुमारास तो मरगळतो, शिडं लटकतात. इथे घाई करून इंजिन लावू नका. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो आणि बोट मागून रेटल्यासारखी पळते. म्हणूनच उजाडायच्या आत निघायचं. परतीला मात्र हाच वारा तोंडावर येतो.

खांदेरीचं दीपगृह १८६७ चं, लांबूनच दिसतं. बेट डावीकडे ठेवा. उंदेरी आणि थळच्या बाजूला खडक आहेत. पुढे चौलकडूचा खडक भरतीला बुडतो, तेव्हा त्यालाही लांबूनच टाळा. वाटेत कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांचे बोये दिसले की वळसा घ्या. ती त्यांची रोजीरोटी आहे.

कोर्लईचा डोंगर आला की रेवदंड्याजवळचं कुंडलिका नदीचं मुख. आत शिरायचं ते चढत्या भरतीवर. नांगराचा दोर मोजताना भरतीची खोली धरा: ओहोटीला ५ मीटर पाणी असेल तर उधाणात ते सहज ८ मीटर होतं, म्हणजे पाचपटीने ४० मीटर दोर सोडावा लागतो.