गिलाव्याआधीचा एक दिवस



आपल्या आंदर मावळात भात काढून झालं, की बांधकामं निघतात. दिवाळीनंतर पाया, शिमग्यापर्यंत स्लॅब आणि पाऊस लागायच्या आत गिलावा, असा आपला सगळ्यांचा हिशेब. टाकव्यात आमच्या गटाच्या बैठकीतही याच दिवसांत घरासाठी कर्जाची मागणी जास्त येते. सिमेंट किती, सळई किती, फरशी कुठली, सगळं बोललं जातं. भिंतीच्या आतून काय काय जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. ते वायरमन बघेल, म्हणून आपण सोडून देतो. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी घर बांधलं. गिलावा झाला, रंग झाला, वास्तुशांत झाली. पुढं मुलगी बारावीला गेली, तेव्हा इंटरनेट घेतलं. जोडणीला आलेल्या मुलानं खिडकीशेजारी भोक पाडलं, केबल आत घेतली आणि तो गेला. आषाढात पावसाची झड लागली आणि पाणी केबलच्या अंगानं चालत चालत घरात आलं. भोकाच्या खालीच विजेचा बोर्ड होता. एके सकाळी वहिनींनी बटण दाबलं आणि झटका बसला. पायाखाली ओली फरशी. नशिबानं हात सुटला. मग नवी भिंत फोडली, बोर्ड हलवला आणि त्यासाठी गटातून पुन्हा कर्ज काढलं. चूक एकट्या त्या मुलाची नव्हती. घर बांधताना केबलला वाटच ठेवलेली नव्हती, म्हणून त्यानं सापडेल तिथून वाट काढली.

तेव्हापासून आमच्या गटात एक रीत पडली. घरासाठी कर्ज घेणाऱ्या बाईनं गिलाव्याआधी एक दिवस हातात खडू घेऊन घरात फिरायचं. सोबत वायरमनदादा, गवंडीमामा आणि घरातली सगळी माणसं. कुठं दिवा, कुठं बटण, कुठं मिक्सर, कुठं मोबाइलचं चार्जिंग, ते भिंतीवर खडूनं लिहायचं. भिंतीला झिरी पडायच्या आधी खडू पुसता येतो. गिलावा झाल्यावर भिंतच फोडावी लागते. स्लॅबमधून जाणारे पाइप तर स्लॅब भरायच्या आधीच सळईवर टाकावे लागतात, म्हणून छताचा विचार त्याच्याही आधी करायचा.

आता खडू घेऊन आपण दारापासूनच सुरुवात करू.

इंटरनेटची केबल बाहेरून येईल, तिच्यासाठी २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप भिंतीत ठेवून द्या. आज कनेक्शन घ्यायचं नसलं तरी ठेवा. पाइप आतून बाहेरच्या बाजूला थोडा उतरता हवा, म्हणजे पाणी आत येणार नाही. बाहेर केबल भोकाच्या खाली एक वळसा देऊन मग वर आत घ्यायला सांगा. पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन खाली ठिबकतं, आत येत नाही. एवढा एक वळसा असता, तर वहिनींची भिंत वाचली असती.

पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा. पुढं केबल तिला बांधून ओढून घेता येते. वळणं कमी आणि गोलाकार ठेवा, कारण फायबरच्या केबलमध्ये काचेचा केसासारखा बारीक धागा असतो, तो काटकोनात वाकवला तर तुटतो. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर सिमेंट आत जाऊन बसतं.

हा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा हवा. विजेची वायर आणि इंटरनेटची केबल एकाच पाइपात कधीही घालू देऊ नका. दोन्ही पाइप शेजारून जात असतील, तर मध्ये फूटभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचेच असतील, तर सरळ आडवे ओलांडा.

तो पाइप कुठं संपेल? जिथं राउटर बसणार तिथं. राउटर म्हणजे वायफाय देणारी ती लहान पेटी. ती घराच्या मध्यावर, दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर हवी. लोखंडी कपाटामागं ठेवली, तर पलीकडे रेंज जात नाही. पत्रा, जाड दगडी भिंत आणि स्लॅब यांच्यातूनही वायफाय नीट जात नाही. पुढं वरचा मजला चढवायचा असेल, तर राउटरच्या जागेपासून वरपर्यंत आणखी एक रिकामा पाइप टाकून ठेवा. घरातली तांब्याची इंटरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या घराला ती पुरून उरते. पण दूरच्या गोठ्यापर्यंत किंवा पिठाच्या गिरणीपर्यंत ती उघड्यावरून नेऊ नका. वीज कडाडली, की तो झटका तांब्यातून घरात येऊ शकतो. फायबरमधून वीज वाहत नाही.

राउटर साधारण १० वॅटचा असतो. दिवसरात्र चालू ठेवला, तरी महिन्याला सातेक युनिट. त्याच्याजवळचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, म्हणजे लाइट गेली तरी मुलांचा अभ्यास आणि आपल्या गटाचा मोबाइलवरचा हिशेब थांबत नाही. इन्व्हर्टर आज घेणार नसाल, तरी त्याची लाइन आत्ताच वेगळी ओढून ठेवा. त्यावर स्वयंपाकघरातला एक दिवा, एक पंखा आणि राउटर पुरे.

आता जिवाची गोष्ट. मीटरनंतरच्या पेटीत एमसीबी बसवतातच. पण एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवते ती आरसीसीबी. वीज कुठून तरी गळायला लागली, म्हणजे माणसाच्या अंगातून जायला लागली, तरी आरसीसीबी क्षणात लाइन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची मागा, आकडा पेटीवर लिहिलेला असतो. तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहायचं. लाइन तुटली, म्हणजे ती काम करते आहे. जोडीला नीट अर्थिंग हवंच. वहिनींच्या घरात आरसीसीबी नव्हती. फरशीवर खर्च केला, पेटीवर वाचवला. हे आम्ही कोणाला नावं ठेवायला सांगत नाही, आमच्याही घरात तेच झालं होतं.

पुढची गोष्ट मोबाइलवर चालणाऱ्या बटणांची. आज नको वाटतील, पाच वर्षांनी मुलं आणतील. अशा बहुतेक बटणांना बोर्डात न्यूट्रल वायर लागते. नुसत्या दिव्यापंख्याच्या बोर्डात पुष्कळदा ती आणलेलीच नसते. वायरमनदादांना सांगा, ‘दादा, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणा आणि डबा खोल बसवा.’ हे काम आत्ता थोड्या वायरीत होतं. नंतर करायचं तर पुन्हा झिरी मारावी लागते.

सगळंच आपोआप चालायला हवं असं नाही. आमच्या अनुभवानं पहिला नंबर टाकीचा. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच साधा असतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पाणी वाया जात नाही आणि बाईची जिन्यावरची धावपळ वाचते. त्यासाठी टाकीपासून मोटारीच्या बटणापर्यंत एक पाइप हवा. दुसरा नंबर अंगणातल्या दिव्याचा, अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा. पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईला त्याचा आधार होतो.

पण एक अट घाला. जे यंत्र आपोआप किंवा मोबाइलवर चालतं, त्याला हातानं चालणारं बटणही असलंच पाहिजे. एका घरी मोटारीचा मोबाइल स्टार्टर फक्त मालकांच्या फोनवर होता. ते कंपनीत शिफ्टला गेले, की माउली पाण्यासाठी त्यांच्या फोनची वाट पाहत बसायची. सोय घरात आली, पण तिच्या हातात आली नाही. म्हणून वायफायचा पासवर्ड, कॅमेऱ्याचा पासवर्ड घरातल्या बाईलाही माहीत हवा. पेटीवर छापून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेरा बसवलाच, तर त्याचं तोंड दाराकडं असावं. न्हाणीकडं, झोपायच्या खोलीकडं किंवा शेजारणीच्या अंगणाकडं नको.

गच्चीवर पुढं सोलर बसवायचा विचार असेल, तर गच्चीपासून मीटरपर्यंत एक मोठा पाइप सोडा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढं ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेल्यावर बंद पडतं, हे ध्यानात ठेवूनच ठरवा.

काही ताई म्हणतील, आमचं तर घरकुल आहे, आम्हाला एवढं कुठलं? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं असतं. एवढ्या घराला एकच रिकामा पाइप, एक आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, एवढं केलं तरी खूप झालं. जुन्या मातीच्या किंवा दगडी घरात तर भिंतीला झिरी मारूच नका, भिंत कमजोर होते. तिथं वरून पट्टी फिटिंग करा.

शेवटचं काम फुकटातलं आहे. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पाइप कुठून गेलाय ते पुढं कळतं आणि खिळा ठोकताना वायर फुटत नाही. तो फोटो गटाच्या फोनवरही ठेवा.

मैत्रिणींनो, घरकुल नवरा-बायको दोघांच्या नावावर किंवा एकट्या बाईच्या नावावर होतं. घरावर नाव आपलं आहे, तर भिंतीवर खडूही आपण चालवूया. या महिन्याच्या बैठकीत ज्यांचं बांधकाम चालू आहे, त्यांनी हात वर करा. आपण सगळ्या मिळून त्यांच्या घरी जाऊ, गिलाव्याआधी.